त्वचेच्या रंगांचे बारा खडू: माल चांगला, डबा चुकीचा

जर्मनीत आता कागद-पेन्सिलींच्या बऱ्याच दुकानांत त्वचेच्या रंगांचे मेणखडू वेगळ्या संचात मिळतात. पुठ्ठ्याच्या चपट्या डब्यात बारा खडू असतात आणि त्यांच्या छटा अगदी फिक्या गुलाबीपासून जवळजवळ काळ्या तपकिरीपर्यंत उतरत जातात. असे संच आता बऱ्याच कंपन्या काढतात. आमच्या घरात त्यांतले काही येऊन गेले आणि मुलीच्या किटामध्ये, म्हणजे इथल्या बालवाडीत, मी ते मुलांच्या हातातही पाहिले. त्यांच्यात फरक आहे तो खडूची जाडी आणि वेष्टन एवढाच, म्हणून कुठल्याही एका कंपनीचे नाव न घेता मी या प्रकारच्या मालाविषयीच लिहीत आहे. ज्यांच्या घरात एकाहून अधिक रंगांची माणसे राहतात, किंवा ज्यांची मुले परदेशात शाळेत जातात, अशा मराठी पालकांना याचा उपयोग व्हावा.

आधी आमच्या घरातल्या माणसांविषयी सांगायला हवे, कारण परीक्षा त्यांच्यावरच झाली. मी मूळचा साताऱ्याचा. बायको हॅम्बुर्गमध्ये जन्मली आणि वाढली. तिची आई जर्मन आणि वडील घानाचे. मी सावळा आहे आणि ती माझ्यापेक्षा एक-दोन छटांनी उजळ आहे. मुलगी आम्हा दोघांपेक्षाही गडद, तर धाकटा मुलगा इतका फिका की त्याचे भुरे कुरळे केस पाहून लोक त्याला स्पॅनिश किंवा तुर्की समजतात. एकाच आई-बापांच्या पोटी असे कसे, हा प्रश्न आम्हाला बर्लिनमध्येही ऐकावा लागतो आणि साताऱ्यातही. उत्तर तसे सोपे आहे. त्वचेचा रंग एका जनुकावर ठरत नाही, तो अनेक जनुकांचा एकत्रित परिणाम असतो, आणि दोन भावंडांना आई-वडिलांकडून त्यांची निरनिराळी जुळणी मिळते. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या तर जगातल्या सगळ्या माणसांत साधारण सारखीच असते. त्या पेशी मेलॅनिनचे कण किती, केवढे आणि कशा मांडणीत पुरवतात, यावरच सगळा फरक पडतो. कागदोपत्री मात्र आम्हा चौघांत काहीच फरक नाही. चौघांकडेही जर्मन पासपोर्ट आहे आणि चौघांकडेही भारत सरकारचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मिळणारे कार्ड, आहे. (जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली असली तरी भारत ते मानत नाही, त्यामुळे जर्मन पासपोर्ट घेताना मला भारतीय पासपोर्ट सोडावाच लागला.)

आता खडूंकडे वळतो. माल खरोखर चांगला आहे. छटा नुसत्या गोऱ्यापासून काळ्यापर्यंत एका सरळ रेषेत उतरवलेल्या नाहीत. काही पिवळट अंगाच्या आहेत, काही तांबूस अंगाच्या, तर काही या दोन्हींच्या मधल्या. हे महत्त्वाचे आहे, कारण सारख्याच गडद असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या कातडीत पिवळेपणा आणि दुसऱ्याच्या कातडीत तांबूसपणा असू शकतो, आणि नेहमीच्या चोवीस खडूंच्या संचातल्या एकुलत्या एका तपकिरी रंगाने दोघांपैकी एकाचेही चित्र उतरत नाही. रंगशास्त्राच्या नजरेने पाहिले तर माणसाच्या त्वचेची जवळपास प्रत्येक छटा ही नारिंगी रंगाचीच कमी-अधिक गडद आणि कमी-अधिक मळकट अशी आवृत्ती असते. त्यामुळे हे बारा खडू बनवायला फार वेगवेगळी रंगद्रव्ये लागत नाहीत. पिवळे, तांबडे आणि काळे लोह-ऑक्साइड आणि उजळपणासाठी टायटॅनियमचे पांढरे, एवढ्यांत ते बहुतेक साधते. चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनचेही हेच घटक असतात. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीने २०२० मध्ये चोवीस त्वचारंगांचा संच आणला तेव्हा छटा ठरवण्यासाठी सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यातल्या एका जाणत्या रसायनतज्ज्ञाची मदत घेतली, ती उगाच नव्हे. यातले तांबडे लोह-ऑक्साइड म्हणजे आपला गेरूच. आमच्या आईने साताऱ्याच्या घरातले तुळशीवृंदावन वर्षानुवर्षे ज्याने रंगवले तेच द्रव्य नातीच्या खडूत आहे, हे कळल्यावर तिला त्या खडूंविषयी एकदम आपुलकी वाटू लागली.

मेणखडूचे जे दोष असतात ते यातही आहेतच. एका थरावर दुसरा थर नीट बसत नाही. खालच्या मेणावरून वरचा खडू घसरतो आणि रंग मिसळण्याऐवजी त्याचे कण गोळा होतात. म्हणून दोन छटा मिसळायच्या असतील तर फिकी छटा आधी हलक्या हाताने लावावी, गडद नंतर लावावी आणि शेवटी बोटाने किंवा जुन्या सुती कापडाने चोळावे. गडद छटांच्या बाबतीत अडचण कागदाचीही आहे. खरबरीत पांढऱ्या कागदावर मेण फक्त उंचवट्यांवर लागते आणि खळग्यांतून पांढरे डोकावत राहते, त्यामुळे गडद रंगाचा चेहरा राख फासल्यासारखा दिसतो. मूल मग आणखी जोर लावते, आणि खडू तुटतो. उलट सगळ्यांत फिक्या दोन छटा पांढऱ्या कागदावर जवळजवळ दिसतच नाहीत आणि त्या चेहऱ्यांना काळी कड काढून द्यावी लागते. म्हणजे कागद पांढरा हे एकदा गृहीत धरले की चित्रातल्या प्रत्येक माणसाचा रंग त्या पांढऱ्याच्या तुलनेतच वाचला जातो. यावर उपाय स्वस्त आहे. पार्सल गुंडाळायचा तपकिरी कागद घ्यावा. त्यावर फिके खडू उठून दिसतात, गडद खडू भरीव बसतात आणि मधल्या छटांना जमीन आयतीच मिळते. खडूंच्या माहितीपत्रकात ही साधी सूचना का नाही, हे मला कळलेले नाही.

मुलीने या खडूंनी काढलेल्या चित्रांपैकी मला सगळ्यांत आवडलेले चित्र नुसत्या हाताचे आहे. तिने डावा पंजा कागदावर ठेवून कड गिरवली आणि तो दोनदा रंगवला, एकदा हाताच्या पाठीसाठी आणि एकदा तळव्यासाठी. पाठीसाठी तिने डब्यातला शेवटून तिसरा खडू घेतला. तळव्यासाठी कुठलाच खडू जुळेना, कारण तिचा तळवा गुलाबीसर आहे आणि रेषांमध्ये मात्र तपकिरी आहे. शेवटी तिने आजीच्या म्हणून ठरवलेल्या खडूने तळवा भरला आणि स्वतःच्या खडूने रेषा ओढल्या. बोटांच्या सांध्यांवर तिने तोच खडू दाबून फिरवला, कारण तिथे कातडी काळपट असते हे तिच्या लक्षात आले होते. एका माणसाला एक रंग नसतो, हे मला तिला समजावून सांगावे लागले नाही, ते तिने हातावर पाहिले. खडूंनी जे काम करायला हवे ते इथे पूर्ण झाले असे मी म्हणेन.

आजीचा खडू ठरवण्याचा प्रसंग मात्र जरा लांबला. आई साताऱ्यात आणि नात बर्लिनमध्ये, तेव्हा रंग व्हिडिओ कॉलवर जुळवायचा होता. आईच्या फोनचा कॅमेरा चेहरा आपोआप उजळ करून दाखवतो, त्यामुळे मुलीने डब्यातला चौथा खडू उचलून पडद्याशेजारी धरला आणि ‘आजी, तू ही’ असे जाहीर केले. आई हसायला लागली. ‘अगं, एवढी गोरी असते तर तुझ्या आजोबांच्या घरच्यांनी दोनदा येऊन बघितलं नसतं मला,’ ती म्हणाली, आणि फोन ओसरीत नेऊन उन्हात हात पुढे केला. मग खडू दोन घरे पुढे सरकला. त्या वाक्यात महाराष्ट्रातल्या स्थळे बघण्याच्या कार्यक्रमाचा सगळा इतिहास आला, आणि मुलीला तो सुदैवाने समजला नाही.

हे संच निघण्याची गरज का पडली, तेही थोडक्यात सांगतो. जर्मनीतल्या मुलांच्या तोंडी ‘त्वचेच्या रंगाचा खडू दे’ याचा अर्थ इतकी वर्षे फिका गुलाबी-नारिंगी खडू असाच होता, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी आहे. यात जर्मनांचीच काही खासियत नाही. आपल्याकडे शाळेत आम्ही ज्याला ‘स्किन कलर’ म्हणायचो तो खडू हाच होता, आणि वर्गातल्या एकाही मुलाच्या कातडीशी जुळत नसतानाही आम्ही सगळे शिवाजी महाराजांपासून शेजारच्या काकूंपर्यंत सर्वांना त्याच रंगाने भरत होतो. बंगळुरूच्या एका कायद्याच्या विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी खडूवरच्या अशा नावाबद्दल ग्राहक मंचात तक्रार नेली होती. अमेरिकेत क्रेयोलाने ‘फ्लेश’ हे नाव बदलून १९६२ मध्ये त्याच खडूला ‘पीच’ म्हणायला सुरुवात केली. त्याच कंपनीने १९९९ मध्ये ‘इंडियन रेड’ हे नावही काढून टाकले. ते नाव मुळात भारतातल्या तांबड्या लोहमातीच्या रंगद्रव्यावरून आलेले होते, पण मुले ते अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या कातडीचा रंग समजत आहेत अशी तक्रार शिक्षकांनी केली होती. खडूवर देशाचे किंवा लोकांचे नाव छापले की मुले ते कातडीवर नेऊन चिकटवतात, हे तेव्हाच दिसले होते.

आणि म्हणूनच या संचांच्या डब्याविषयी मला तक्रार आहे. आमच्याकडे पहिल्यांदा आलेल्या संचाच्या झाकणावर पृथ्वीचा गोल आहे आणि त्याच्या भोवती हात धरून उभी असलेली बारा मुले आहेत. प्रत्येक मूल एका छटेचे, प्रत्येकाच्या अंगावर एकेक देशाचा पोशाख आणि प्रत्येकाच्या हातात एकेक झेंडा. सर्वांत फिक्या मुलाच्या हातात जर्मनीचा झेंडा आहे, सर्वांत गडद मुलाला कंबरेभोवती गवताचा घागरा आहे, आणि साडी नेसलेली, टिकली लावलेली भारताची मुलगी बरोबर मध्यावर, गव्हाळ रंगाची. चित्रकाराचा हेतू चांगला असणार, यात शंका नाही. पण आतल्या खडूंनी जे साधले ते झाकणाने खोडून काढले. बारा छटा एका घरात, एका वर्गात, एका पासपोर्टखाली असू शकतात हे सांगण्यासाठी जो माल बनवला, त्याच्या झाकणावर एक छटा म्हणजे एक देश असा तक्ता छापलेला आहे. डबा घरी आला त्या दिवशी मुलीने झाकणावर आपल्या रंगाचे मूल शोधले, त्याच्या हातातला झेंडा पाहिला आणि विचारले की हा कुठला देश आहे आणि आपण तिथून आलो आहोत का.

हा प्रश्न तिला बाहेरचे लोकही विचारतातच, झाकणाने फक्त तो छापील करून दिला. बर्लिनच्या ट्राममध्ये शेजारच्या आजीबाई मुलीशी आवर्जून इंग्रजीत बोलतात, आणि तिच्या मांडीवर बसलेल्या भावाशी जर्मनमध्ये. हॅम्बुर्गमध्ये जन्मलेल्या माझ्या बायकोला आयुष्यभर ‘पण खरी तू कुठची?’ हे ऐकावे लागले आहे, आणि ‘हॅम्बुर्गची’ हे उत्तर कोणालाही पुरेसे वाटलेले नाही. मी जर्मन झालो ते अर्ज करून, ती जर्मन जन्मतः आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याला आमच्यातला हा फरक दिसत नाही, कारण तो कागद पाहत नाही, कातडी पाहतो. धाकट्याला मात्र हा प्रश्न अजून कोणी केलेला नाही.

झाकणावरच्या झेंड्यांचा हिशेब किती कच्चा आहे ते पाहायचे असेल तर फुटबॉल पुरेसा आहे. जेरोम बोआटेंग आणि केविन-प्रिन्स बोआटेंग हे सावत्र भाऊ. दोघेही बर्लिनमध्ये जन्मले, दोघांचे वडील एकच आणि ते घानाचे, दोघांच्याही आया जर्मन. २०१० च्या विश्वचषकात जोहान्सबर्गला जर्मनी आणि घाना यांचा सामना झाला तेव्हा एक भाऊ जर्मनीकडून खेळला आणि दुसरा घानाकडून. दोघांच्या कातडीवरून कोणाचा झेंडा कोणता हे कोणत्या खडूने ठरवायचे? पुढे २०१४ मध्ये जर्मनीने विश्वचषक जिंकला त्या संघात जेरोम होता. तरीही दोनच वर्षांनी उजव्या पक्षाच्या एका बड्या नेत्याने असे म्हटले की लोकांना तो खेळाडू म्हणून आवडतो, पण शेजारी म्हणून नको असतो. आणि जून २०२४ मध्ये, युरो स्पर्धा जर्मनीतच भरायच्या तोंडावर, सार्वजनिक दूरचित्रवाणीने करवलेल्या पाहणीत २१ टक्के लोकांनी राष्ट्रीय संघात गोऱ्या कातडीचे खेळाडू जास्त असते तर बरे, अशा आशयाचे उत्तर दिले. त्यावेळचा कर्णधार इल्काय ग्युंदोआन याचे मूळ तुर्की आहे हे १७ टक्क्यांना खटकत होते. प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी असा प्रश्न विचारणेच वंशवादी असल्याचे सुनावले. जो देश आपला संघ पाहताना अजून छटा मोजतो, त्या देशातल्या मुलांच्या खडूच्या झाकणावर झेंडे असावेत, याचे मला आश्चर्य वाटत नाही. वाईट मात्र वाटते.

कातडीच्या छटा ओळीत मांडून त्यांवरून माणसांची वर्गवारी करण्याचा उद्योग याच शहरात फार गंभीरपणे झालेला आहे. बर्लिनच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात आणि पुढे विद्यापीठात काम केलेल्या फेलिक्स फॉन लुशान यांनी काचेच्या छत्तीस अपारदर्शक तुकड्यांची एक मोजपट्टी बनवली होती. ऊन न लागलेल्या जागेची, उदाहरणार्थ दंडाच्या आतल्या बाजूची, कातडी त्या तुकड्यांशेजारी धरायची आणि जुळणाऱ्या तुकड्याचा क्रमांक लिहायचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जगभरच्या संशोधकांनी ती वापरली. पण एकाच माणसाला दोनदा मोजले तर दोन क्रमांक येत. १९५० च्या सुमारास परावर्तित प्रकाश मोजणारी यंत्रे आली आणि काचेचे तुकडे कपाटात गेले. माझी मुलगी खडू आजीच्या हाताशेजारी धरते तेव्हा कृती तीच असते. मग फरक कशात राहतो? ती क्रमांक लिहून ठेवत नाही आणि त्यावरून आजीविषयी कुठलाही निष्कर्ष काढत नाही, एवढ्यातच. झाकणावरचे चित्र मात्र निष्कर्ष काढून मोकळे होते.

याच विषयाला एक मराठी धागाही आहे, आणि तो इथे आणायलाच हवा. बर्लिनच्या डालेम भागात इनेस्ट्रास क्रमांक २२ ही इमारत आज फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. १९२७ पासून तिथे कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था होती आणि ऑयगेन फिशर तिचे संचालक होते. या फिशर यांनी १९०८ मध्ये आजच्या नामिबियात, तेव्हाच्या जर्मन वसाहतीत, रेहोबोथच्या मिश्र वंशाच्या कुटुंबांची मोजमापे घेतली होती. केसांच्या रंगासाठी नमुन्यांची पट्टीही त्यांच्या नावावर आहे. त्यांच्याकडे १९२० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याहून इरावती कर्वे पीएच.डी.साठी आल्या. त्यांना विषय मिळाला मानवी कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतल्या असमानतेचा, आणि गुरूंची अपेक्षा अशी होती की युरोपीय कवट्यांत ही असमानता विशेष आढळेल आणि त्यातून त्यांची बौद्धिक सरशी दिसेल. कर्व्यांनी कवट्या मोजल्या आणि असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही असे लिहून दिले. ब्रह्मदेशात जन्मलेल्या, तिथल्या नदीचे नाव मिळालेल्या आणि चित्पावन घरातल्या या बाईंना त्या संस्थेच्या जिन्यावर लोक कुठल्या देशाच्या समजत असतील, असा प्रश्न तिथून जाताना मला पडतो. अर्थात त्यांची मूर्ती करून ठेवायचे कारण नाही. महाराष्ट्रात परतल्यावर त्यांनीही जातीजातींच्या माणसांची शरीरमापे घेतलीच. पण ज्या माणसाच्या हाती पदवी होती त्याच्या अपेक्षेविरुद्ध आकडे ठेवायला धैर्य लागते, आणि ते त्यांच्यात होते.

त्या संस्थेतले शास्त्र पुढे कुठे गेले तेही सांगितल्याशिवाय हा धागा सोडता येत नाही. पहिल्या महायुद्धानंतर ऱ्हाइनलँडमध्ये फ्रान्सच्या वसाहतींतले सैनिक तैनात होते, आणि त्यांच्यापासून जर्मन स्त्रियांना झालेली काही शे मुले जर्मनीत वाढत होती. ती जर्मन बोलत होती, जर्मन शाळांत जात होती. १९३७ मध्ये त्यांतल्या सुमारे ४०० जणांची गुप्तपणे नसबंदी करण्यात आली, आणि ती मुले तपासून ‘कोण मिश्र’ हे ठरवण्यात त्या संस्थेतल्या तज्ज्ञांचा हात होता. आज इमारतीच्या दाराशी त्या काळाची आठवण देणारा फलक आहे. खडूच्या डब्याची तुलना मी अर्थातच याच्याशी करत नाही. पण ज्या शहरात त्वचेवरून कोण आपला आणि कोण परका हे ठरवणाऱ्या संस्थेची इमारत अजून उभी आहे, त्या शहरातल्या दुकानात असा डबा मांडताना कंपनीने झाकणाकडे दोनदा पाहावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

आपण मराठी माणसे याबाबतीत धुतल्या तांदळासारखी आहोत असे समजण्याचे कारण नाही. इथल्या एका मराठी मंडळाच्या गणपतीत माझ्या धाकट्याला ‘आपल्याच घरातला दिसतोय’ म्हणून सगळ्यांनी उचलून घेतले, आणि मुलीला एका बाईंनी जर्मनमध्ये विचारले की तू कुणाची मैत्रीण म्हणून आली आहेस. मुलीने मराठीत उत्तर दिले: ‘मी ह्यांचीच मुलगी आहे, काकू. मोदक अजून आहेत का?’ काकूंनी मोदक दिले, दोन दिले, आणि नंतरचा तासभर तिच्या मराठीचे इतके कौतुक केले की मुलगी कंटाळून गेली. धाकट्याला धड चार मराठी वाक्ये येत नाहीत, पण त्याच्या मराठीची चौकशी कोणी केली नाही. महाराष्ट्रातल्या एका लेण्यांच्या तिकीट-खिडकीवरही असेच झाले. भारतीयांना ४० रुपये आणि परदेशी पर्यटकांना ६०० असा दर तिथे लिहिलेला होता. ओसीआय कार्ड असणाऱ्यांना भारतीयांचाच दर लागतो. माझ्याकडे आणि बायकोकडे एकाच प्रकारचे कार्ड आहे, एकाच देशाचा पासपोर्ट आहे. मला काही न विचारता चाळिसाचे तिकीट मिळाले आणि तिच्याकडे सहाशे मागितले. कार्ड दाखवल्यावर खिडकीतल्या माणसाने वाद घातला नाही, दर लगेच बदलला. पण कार्ड दाखवावे लागले ते फक्त तिला.

आणि तिला भारतात ‘कुठल्या देशातून आलात’ असे विचारले तर ते निदान खरे तरी आहे. कारवारच्या जंगलपट्ट्यातल्या, गुजरातेतल्या आणि आपल्या जंजिऱ्याशी ज्यांचा इतिहास जोडलेला आहे त्या सिद्दी लोकांना हाच प्रश्न विचारला जातो, ज्यांचे पूर्वज शतकांपूर्वी आफ्रिकेतून आले आणि जे आज कन्नड, कोकणी, मराठी, गुजराती बोलतात. झाकणावरची ती टिकलीवाली गव्हाळ मुलगी त्यांचाही देश दाखवते, काश्मीरचाही, केरळचाही आणि नागालँडचाही. एकट्या भारताला तो अख्खा डबा पुरणार नाही, हे चित्रकाराला कोणीतरी सांगायला हवे होते.

उरलेल्या गोष्टी लवकर आटोपतो. प्रत्येक खडूच्या कागदी गुंडाळीवर छटेचे नाव छापलेले असते, आणि गडद छटांना कोको, कॉफी, दालचिनी अशी खाण्याची नावे देण्याची या धंद्यात पद्धत पडली आहे, तर फिक्यांना शिंपला, वाळू, चिनी माती अशी. मला नुसते क्रमांक चालले असते. एका संचात क्रमांकच होते आणि मुलांना त्याने काही अडले नाही. मेण निर्धोक असल्याची खूण तीन वर्षांवरच्या मुलांसाठी म्हणून सगळ्या डब्यांवर असते. कपड्यांवरचा डाग गरम पाण्याने जात नाही. आधी कागद ठेवून इस्त्री फिरवावी, मग धुवावे. जाड तिकोनी खडू लहान मुलांना धरायला सोपे जातात, पण त्यांनी डोळे-नाक काढता येत नाही. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी पातळ गोल खडू किंवा याच छटांच्या लाकडी रंगपेन्सिली घ्याव्यात. पेन्सिलींत थर चांगले बसतात, पण किंमत दुपटीकडे जाते.

माझी शेवटची अडचण व्यवहाराची आहे. आमच्या घरात मधले आणि शेवटचे तीन खडू भराभर झिजतात, आणि डाव्या बाजूचे चार, धाकट्याचा एक सोडला तर, अजून नवे कोरे आहेत. सुटे खडू विकायला कोणीही तयार नाही. दुकानदार सांगतो की कंपनी संचच पाठवते. कंपनीच्या ग्राहक सेवेने सांगितले की सुट्या खडूंना मागणी नाही. किटामधल्या बाईंनी यावर चांगला तोडगा काढला आहे. त्यांनी दरवर्षी दोन संच मागवायचे ठरवले आहे, झाकणे लगेच रद्दीत टाकतात आणि सगळे खडू बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात एकत्र ओततात, नेहमीच्या हिरव्या, निळ्या, जांभळ्या खडूंसकट. त्यांचाही गडद खडूंचा साठा मार्चपर्यंत संपतो. तेव्हा ज्यांना घ्यायचे आहेत त्यांनी बारांचा संच घेण्याऐवजी, मिळाला तर चोवीसांचा घ्यावा; त्यात मधल्या आणि गडद छटा जास्त असतात आणि दर खडूमागे तो स्वस्तही पडतो.